पेटीतली एक्केचाळीस नंबर

घरात बसायला जागा कमी पडली तर माणसांनी उभं राहावं आणि बाहुल्यांना बसू द्यावं, असं मनापासून मानणारे गृहस्थ तेव्हाच्या अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात एकच होते, आणि ते नेमके माझे साडू निघाले. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीतले, नोकरी महाडला, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. अंगाने असे, की रस्त्यावरचा रोलर बंद पडला तर कामगार आशेने त्यांच्याकडे बघत. आवाज असा, की कशेडी घाटात त्यांनी मुकादमाला हाक मारली की वरच्या वळणावरचे ट्रकवाले ब्रेक दाबत. हा मनुष्य घरी आला की हातपाय धुऊन, पंच्याने कोरडे करून, एका काचेच्या कपाटासमोर मांडी घालून बसे आणि बायकोला हळूच विचारी, "आज कोणी शिंकलं नाय ना इथं?"

कपाटात बाहुल्या होत्या. चाळीसच्या आसपास असतील. पण जत्रेत मिळतात तसल्या नव्हेत; तसली बाहुली कुणी दाखवली तर साडू दुसरीकडे तोंड फिरवत. त्यांना लागत त्या ‘लिमिटेड’. हा शब्द त्यांनी मुंबईतल्या एका हस्तकलेच्या दुकानातून उचलला होता. तिथला कारागीर एका प्रकारच्या मोजक्याच बाहुल्या घडवी, प्रत्येकीच्या पायाखालच्या पाटावर नंबर घाली आणि मग साचा फोडून टाकी. साचा फोडतात, हे सांगताना साडू हात जोडत. "पुन्हा होणं नाय, मास्तर," ते मला म्हणत. मी महाडच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो, त्यामुळे सगळ्या नातेवाइकांचा मी मास्तर. एकदा मी म्हटलं, "अहो, माणसंसुद्धा पुन्हा होत नाहीत." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "माणसांचं काय सांगता? माणसांवर नंबर कुठं असतो?"

पावसाळा आला की त्यांची झोप उडे. महाडच्या हवेत आषाढात चामड्याच्या चपलेला मिशा फुटतात, तिथे रेशमी झग्यांचं काय. कपाटात चोवीस तास दिवा जळे, शिवाय डांबरगोळ्यांचा इतका मारा असे, की त्या घरचा भातसुद्धा ट्रंकेतून काढल्यासारखा लागायचा. दिवे गेले की साडू शेगडी पेटवून कपाटापुढे बसत. त्यांची एकुलती एक मुलगी बेबी ओला गणवेश घालून शाळेत जाई, कारण शेगडीवर पहिला हक्क बाहुल्यांचा. चाळीस बाहुल्यांच्या घरात वाढलेल्या या पोरीच्या हाताला एकही बाहुली कधी लागली नव्हती. ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोने, तिला एकदा चिंध्यांची एक करून दिली, तर साडूंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "हिचा नंबर?" बेबीने त्या दिवशी ती जी ठेवून दिली ती पुन्हा काढली नाही.

‘लिमिटेड’ माल जमवणाऱ्याच्या मनात काय काय चालतं ते मला साडूंमुळे कळलं. त्यांच्याकडची एक गवळण पन्नासातली होती, आणि उरलेल्या एकोणपन्नास कुठे आहेत, याची चिंता त्यांना सख्ख्या भावंडांसारखी असे. एकदा मुंबईच्या दुकानदाराचं कार्ड आलं, की पन्नासातली एक नागपूरला पडून फुटली. साडूंनी ताबडतोब पेढे आणले. आता पन्नासच्या एकोणपन्नास झाल्या, म्हणजे यांच्या गवळणीचं मोल वाढलं. पहिला पेढा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं?" ताईंनी विचारलं. "अगो, फुटली ती पण घरातलीच की," असं म्हणून ते उठले आणि डोक्यावरून अंघोळ करून आले. उरलेले पेढे त्या दिवशी कुणी खावेत की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी मी खाल्ले.

पण या सगळ्यांची महाराणी कपाटात नव्हतीच. ती पलंगाखालच्या ट्रंकेत, एका पुठ्ठ्याच्या पेटीत होती. पेटीला चारी बाजूंनी कागदाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर लाखेचे ठिपके, आणि झाकणावर एवढंच छापलेलं: ‘कोकणची लक्ष्मी. शंभरपैकी ४१.’ पेटी देताना दुकानदार म्हणाला होता, की सील फुटलं की माल जुना धरतात. झालं! साडूंनी सील फोडलं नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तब्बल अकरा वर्षं. ती बाहुली घरात कुणी पाहिलेली नव्हती, साडूंनीही नाही. तरी तिचं वर्णन त्यांना तोंडपाठ होतं. हिरवा शालू, नाकात नथ, कमरेला पट्टा, केतकीसारखा रंग आणि मान अशी ताठ. "तुम्ही पाहिलीत का पण?" मी विचारलं. "बघायला कशाला पायजे? लक्ष्मी म्हटल्यावर आलंच सगळं." ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आत दगड असायचा." यावर साडू दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला, "मी सांगितल्याबिगर या ट्रंकेला कोणी बोट लावायचं नाय. घराला आग लागली तरी नाय."

मग एक दिवस त्यांच्या मुकादमाने बातमी आणली. बोट चेचलं म्हणून तो पोलादपूरच्या दवाखान्यात गेला होता, तर तिथल्या नर्सबाईंच्या टेबलावर एक बाहुली, आणि पाटावर लिहिलेलं, ‘शंभरपैकी ४२.’ साडू ताडकन उठले. नर्सबाईंना म्हणे मुंबईच्या भावाने ती भेट दिली होती आणि त्यांनी सील फोडून ती सुई टोचायच्या पोरांना खेळायला ठेवली होती. "बेचाळीस म्हणजे सख्खी पाठची बहीण," साडू कळवळून म्हणाले, "आणि तिला शेंबड्या पोरांच्या हातात!" तिला सोडवून आणायचं ठरलं. सोबतीला मी. पण पोलादपूरच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बेचाळीस बघितली म्हणजे एक्केचाळीस बघितल्यासारखंच झालं. मग आपल्या सीलला अर्थ काय? त्यांनी खिशातून मोठा रुमाल काढला, डोळ्यांवर घट्ट बांधला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून दवाखान्यात शिरले. बाकावरचे सगळे पेशंट उठून उभे राहिले. "जागा द्या रे, बिचाऱ्याला दिसत नाय," एक म्हातारी म्हणाली, "कधीपासून रे बाबा?" "आत्ताच बांधलाय," साडू म्हणाले. म्हातारीने कपाळाला हात लावला.

मला मात्र दिसत होतं. नर्सबाई म्हणजे पांढऱ्या साडीतली, ठाम आवाजाची, चाळिशीची बाई. टेबलाशी एक पोर मुसमुसत होतं आणि त्याच्या मांडीवर बेचाळीस नंबर होती. शालू नव्हता. नथ नव्हती. भाजलेल्या मातीची, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली एक शेतकरीण होती ती. पाठीवर पावसाचं इरलं, हातात भाताच्या रोपांची जुडी, आणि लावणी करताना बायका वाकतात तशी कमरेत पार वाकलेली. मान ताठ असण्याचा प्रश्नच नव्हता. एक हात मोडला होता, त्याला नर्सबाईंनी चिकटपट्टीचं बँडेज बांधलं होतं.

"बाई, तिला मला द्या," साडू भिंतीवरच्या तक्त्याकडे तोंड करून बोलू लागले. "तिचा शालू मळला असेल. नथ तरी शाबूत हाय ना?" नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी साडूंच्या पाठीमागून नकारार्थी मान हलवली. त्यांना काय समजायचं ते समजलं, आणि त्या हसू दाबत म्हणाल्या, "साहेब, ही काही मी देणार नाही. हिच्यामुळे पोरं सुई घेतात. पण तुमच्याकडे हिची बहीण आहे म्हणता. ती कशी आहे?"

"सुखात हाय."

"कशावरून?"

साडूंनी माझा खांदा चाचपला आणि "चला, मास्तर," असं पुटपुटले. घाटात ट्रक थांबवणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. परतीच्या एसटीत बसल्यावरच त्यांनी डोळ्यांवरचा रुमाल सोडला. महाड जवळ आल्यावर म्हणाले, "मास्तर, तुम्ही बघितलीत. मला सांगू नका." मी म्हटलं, "नाही सांगत." थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नथ हाय ना पण?"

त्यानंतर ते ट्रंक उघडून पेटीला कान लावू लागले. ताईंनी मला येऊन सांगितलं, तेव्हा त्या हसत नव्हत्या.

त्याच पावसाळ्यात सावित्रीला पूर आला. महाडला पूर नवा नाही. पाणी कितव्या पायरीला लागलं की काय उचलायचं, हे बायकांना पाठ असतं. पण साडू घरी नव्हते. कशेडीत दरड कोसळली होती आणि ते दोन दिवस तिकडेच अडकले होते. मी आणि बेबीने धान्य, स्टोव्ह, अंथरुणं माळ्यावर चढवली. मग कपाटातल्या बाहुल्या एकेक करून ताई वर देऊ लागल्या. चाळीसच्या चाळीस वर गेल्या. पाणी गुडघ्याला आलं. मी पलंगाखाली हात घालणार, तोच ताईंनी मला अडवलं. "त्या ट्रंकेला बोट लावायचं नाय," त्या म्हणाल्या. "त्यांचा हुकूम हाय."

"अहो ताई, पाणी!"

"आग लागली तरी नाय, असं म्हणालेत. वीस वर्षं मी यांचं सगळं ऐकलं, आज कशाला मोडू?" आणि त्या पदर खोचून शांतपणे जिना चढून गेल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि गप्प त्यांच्या मागून वर गेलो.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर साडू आले. मानेपर्यंत चिखल. "बाहुल्या?" त्यांनी विचारलं. मग चूक लक्षात येऊन, "तुम्ही सगळी बरी ना?" ताईंनी वर बोट दाखवलं. साडूंनी माळ्यावर नजर टाकली, मोजलं, आणि मग खाली वाकून पलंगाखाली पाहिलं. ट्रंक ओढली तेव्हा तिच्यातून गढूळ पाणी ओघळलं. पेटीचा लगदा झाला होता. लाखेचे ठिपके तेवढे जागच्या जागी होते.

हा एवढा थोरला मनुष्य भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "बेबी, तूच काढ गो," एवढंच म्हणाला. बेबी तेव्हा डी.एड. करत होती. तिने ओला पुठ्ठा सोलला, चिखल पुसला आणि बाहुली पाटासकट जमिनीवर ठेवली. "बाबा, बघा."

साडू वळले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ते हळूहळू उकिडवे बसले. मग तिचा चेहरा दिसावा म्हणून आणखी खाली वाकले, जवळजवळ जमिनीला गाल लावला.

"ही तर आमच्या वाडीतली हाय," शेवटी म्हणाले. "आमची आय अशीच असायची बघ, सगळा आषाढ." आणि गाल न उचलता, "अकरा वर्षं हिला अशी वाकलेली ठेवली मी. अंधारात."

ताईंच्या चेहऱ्यावरचा कालचा करारीपणा विरघळला. "आता ती सरळ व्हायची नाय," त्या म्हणाल्या. "उठा, चहा घ्या."

"बाबा," बेबीने विचारलं, "मी हातात घेऊ?"

साडूंनी मान डोलावली. बेबीने बाहुली उचलली, आणि मग तिची पंचाईत झाली. एकोणीस वर्षांची मुलगी, पण बाहुली कशी धरायची ते तिला माहीत नव्हतं. चुलीवरचं तापलेलं भांडं धरावं तशी तिने ती अंगापासून लांब, बोटांच्या टोकांवर धरली होती. साडू ते बघत राहिले. दाखवायला पुढे झाले, हात पुढे केले, आणि तिथेच थबकले. कारण त्यांनीही जन्मात एकही बाहुली हाताला रुमाल गुंडाळल्याशिवाय धरलेली नव्हती. शेवटी ताईंनीच ती घेतली, कडेवर मारली आणि चहा गाळायला गेल्या.

पुढच्या वर्षी बेबीला पाचाडच्या बाजूला एका शाळेत नोकरी लागली. निघताना साडूंनी तिच्या पिशवीत एक्केचाळीस नंबर ठेवली. पेटीत नाही, टॉवेलात गुंडाळून. पाटावरचा नंबर पुराने पुसूनच टाकला होता. "पोरं फोडतील हो," बेबी म्हणाली. "फुटू दे गो," साडू म्हणाले, आणि लगेच, "पण हात धुवायला लाव त्यांना."

त्या पावसाळ्यात ते रस्त्याच्या पाहणीला तिकडे गेले होते. परत आल्यावर संध्याकाळी माझ्याकडे आले, न सांगता बसले. शाळेमागे भाताचं खाचर आहे, म्हणाले. मधली सुट्टी होती. पोरींनी बाहुली नेऊन चिखलात उभी केली होती आणि तिच्यापुढे रोपाच्या काड्या खोवत होत्या, ओळीने. लुगडं पार चिखलात गेलं होतं.

"मग? ओरडलात?"

"नाय. शोभत होती, मास्तर." ते बाहेर बघत राहिले. "बेबी दारात उभी होती. आत या म्हणाली. मी म्हटलं, पुढं काम हाय. काम काय नव्हतं. तिथं गेलो असतो तर पोरी उठल्या असत्या, लावणी थांबली असती."

मग जीप सुरू करायला सांगितली म्हणाले, पण ड्रायव्हरला म्हटलं, जरा हळू घे.