तेरवी झालेला फिर्यादी

“लिहून घ्या! मी मेलो नाही, असं लिहून घ्या!”

ठाण्याच्या टेबलावर दोन्ही हात आपटत एक धिप्पाड माणूस ओरडत होता आणि टेबलामागे आमचे जमादार भिंतीला असे चिकटले होते, की भिंतीचा चुना वर्दीला लागला. हे जमादार म्हणजे ऐरागैरा माणूस नव्हे. टिपेश्वरच्या जंगलात यांनी एकदा वाघाला शिटी मारून रस्ता ओलांडायला लावला होता. गोष्ट त्यांची, मी फक्त सांगताना दरवेळी वाघाची लांबी वाढवतो. पण त्या सकाळी ते भिंतीत शिरायला जागा शोधत होते.

“साहेब,” शेवटी ते मला म्हणाले, “याच्या तेरवीत मी जेवून आलो. वांग्याची भाजी दोनदा घेतली.”

सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यात घासली. चोर, दरोडेखोर, देवाच्या नावानं फसवणारे, सगळे पाहिले आणि बरेचसे विसरलो. हे एक प्रकरण मात्र मी विसरायला गेलो तरी ते मला विसरत नाही. तेव्हा मी पांढरकवड्याच्या बाजूला, हायवेवरच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो.

माणसाला बसवलं, पाणी दिलं. पाणी प्यायला, म्हणजे भूत नाही, एवढा प्राथमिक तपास झाला. तो ट्रक ड्रायव्हर होता. महिनेन् महिने दक्षिणेत गाडी चालवायचा, घरी फोन नाही, पत्ता नाही. हायवेवरच्या ढाब्यावर जेवायला उतरला, तर ओळखीच्या वाढप्याच्या हातातून ताट पडलं. आपण मेलो हे त्याला तिथं कळलं.

झालं होतं असं. नागपुरात बसस्टँडमागच्या एका स्वस्तातल्या लॉजवर एक माणूस झोपेत मेला. लॉजवाल्यांकडे त्याच्या नावानं आधार कार्डाची झेरॉक्स होती, ती या ड्रायव्हरची. तिथल्या पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली, आम्हाला निरोप धाडला आणि आमच्याच जमादारांनी तो गावात जाऊन बायकोला सांगितला. बाई मुकुटबनकडच्या आपल्या भावाला घेऊन नागपूरला गेली. शवागारात चादर बाजूला केली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, हाच. अंत्यविधी तिथंच उरकला. गावात राख आली, माणूस आलाच नाही.

ड्रायव्हरचं म्हणणं सरळ होतं. बायकोनं कोणाला तरी संपवलं आणि आपल्याला मेलेलं दाखवलं. “एक तं तिले अंदर टाका, नाही तं माह्या घरात माह्यासंगं पाठवा.” दोन्हीपैकी काहीही चालेल, असा त्याचा चेहरा होता. बाईच्या बाजूनं पाहिलं तर दोन्ही वाटा तुरुंगाच्याच निघाल्या, पण ते मला नंतर कळलं.

मी त्याला जीपमध्ये घालून त्याच्या गावात नेलं. भर दुपार, कापूस वेचणीचे दिवस. वाटलं, गाव गोळा होईल, रडारड होईल, गुलालच उधळायचा बाकी राहील. जीप थांबली. पारावर बसलेली माणसं बसूनच राहिली. हा उतरून एकेकाला नावानं हाक मारू लागला. ज्याला हाक मारली तो तंबाखू मळत राहिला, तळहाताकडे बघत. हापशीवर एक बाई पाणी भरत होती. हा जवळ गेला, तशी ती बादली तिथंच ठेवून चालू लागली. पळाली नाही, नुसती चालत गेली. आणि त्याचा सख्खा चुलतभाऊ माझ्यासमोर आला, रामराम घातला, आणि ड्रायव्हर माझ्या खांद्याला खांदा लावून उभा असताना मला विचारलं, “साहेब, आज एकटेच आले?”

मी बेडर माणूस. माझ्या मिशीला अख्खा तालुका भ्यायचा, यात अतिशयोक्ती असलीच तर ती तालुक्याची. पण त्या वाक्यानं मलाच शंका आली. मी वळून बाजूला पाहिलं, हा आहे ना म्हणून. होता. घामानं निथळत होता.

घर गावाच्या टोकाला. बाई अंगणात कापसातला काडीकचरा निवडत होती. उजवं मनगट तिचं वाकडं, सरळ होत नव्हतं. सगळं काम डाव्या हातानं चाललं होतं. तिनं मला खाट टाकून दिली. ड्रायव्हर ओरडला, नाव घेतलं, शिवी दिली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “कोन होय साहेब हे? माहे मालक वारले.” आवाज चढला नाही, उतरलाही नाही. आतल्या खोलीच्या दाराला नवी कोरी कडी बसवली होती, आतून. दाराचं लाकूड जुनं, कडीच तेवढी चकाकत होती. दोन मुली त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनीही याच्याकडे पाहिलं नाही.

परत येताना तो जीपच्या आरशात स्वतःचं तोंड चाचपत होता. मी म्हटलं, काय झालं. म्हणाला, “काही नाही साहेब. दिसून राह्यलो ना, ते पाह्यलं.”

आता पोलिसाचं डोकं असं चालतं, की लाभ कोणाला झाला. मी चौकशी केली. विमा नव्हता. शेताच्या सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावायला ती तलाठ्याकडे फिरकलीही नव्हती. दुसरा कोणी पुरुष नाही. मग खोटं कशासाठी? इतक्यात ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, नाव सांगितलं नाही. “ज्या लॉजवर तो मेला ना, तिथं ते बाई पुन्हा गेलती. राख सावडून झाल्यावर. एक रात मुक्काम केला तिनं त्याच खोलीत.” फोन बंद.

गुन्हेगार जागेवर परत येतो म्हणतात. मी वरिष्ठांची परवानगी घेतली, जमादारांना बरोबर घेतलं आणि नागपूर गाठलं.

लॉज असा, की त्यात राहायला आलेला माणूस आयुष्याबद्दल विचार करायला लागावा. जिना इतका अरुंद, की जमादारांना आडवं वळून चढावं लागलं. टीव्ही लोखंडी पिंजऱ्यात, जणू तोच आरोपी. साबणाची वडी अशी पातळ, की तिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. मेलेल्याची खोली अगदी आतल्या बाजूला. खिडकी होती, पण उघडली की हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवस काय, रात्र काय, ट्यूबलाइट सुरूच.

मॅनेजरला समोर बसवलं. अर्धा तास तो लॉजच्या इज्जतीबद्दल बोलला. मी काहीच विचारलं नाही. चौकशीतला हा माझा जुना डाव. गप्प बसणाऱ्या पोलिसाला माणूस आपणहून सगळं सांगतो. शेवटी तो घामाघूम झाला आणि बोलला. ज्या गिऱ्हाइकाकडे ओळखपत्र नसेल, त्याला जुन्या गिऱ्हाइकाची झेरॉक्स लावून खोली द्यायची, ही तिथली पद्धत. ड्रायव्हर मागं कधी त्या लॉजवर उतरला होता, त्याची झेरॉक्स पडून होती. ती या माणसाला लावली. माणूस कोण, कुठला, काय नाव, कोणालाच ठाऊक नाही. शवविच्छेदन अहवालही मी पाहिला. हृदय बंद पडलं होतं. मारहाण नाही, विष नाही. म्हणजे खून नव्हताच. एक बिननावाचा माणूस दुसऱ्याच्या नावानं मेला होता.

मग बाई परत का आली? ते कळावं म्हणून मी तीच खोली मागून घेतली. मॅनेजर म्हणाला, दुसरी देतो, ती नको. मी म्हटलं, हीच. दुपारी जेवून पलंगावर आडवा झालो. जमादारांनी दाराबाहेर खुर्ची टाकली. डोळा लागला.

मी पुष्कळ गोष्टी वाढवून सांगतो, घरचेही सांगतील. पुढची मात्र आहे तेवढीच सांगतो. जाग आली तेव्हा पलंगापासून दारापर्यंत लादीवर पांढरी पावलं होती. अनवाणी, पाची बोटं उमटलेली, दाराकडे जाणारी. येणारं एकही नाही. माझ्या पायात मोजे होते. दार आतून लावलेलं होतं. मी वाकून बोट लावलं. पीठ होतं. कणीक.

जमादारांना आत बोलावलं. त्यांनी पाहिलं, खुर्ची उचलली आणि खाली रस्त्यावर जाऊन बसले.

साफसफाई करणाऱ्या मावशी आल्या, त्यांना दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. “रोज पुसतो साहेब, रोज निघते. पलंगाखाली सांडलं असन तिचं.” आणि मग त्यांनी सांगितलं. ती बाई टोपलं आणि पिशवीत कणीक घेऊन आली होती. आपल्याकडे माणूस जिथं गेला, तिथं जमिनीवर पीठ पसरतात, दिवा लावतात, वर टोपलं झाकतात आणि सकाळी बघतात काय उमटलं. त्यावरून जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. हे लोक घरात करतात. हिनं लॉजच्या खोलीत केलं, कारण जीव इथं गेला होता. सकाळी टोपल्याखाली काय उमटलं होतं, ते तिनं मावशींना दाखवलं नाही.

“अन् काही बोलली का?”

“विचारे मले, मावशी, तो मानूस कसा होता? बोले का कोनासंगं? खाय काय? मी सांगतलं, गरीब होता, चहा देला का हात जोडे. मंग रडली बापा. लई रडली.”

प्रकरण तिथं उलगडलं. नवरा गेलेली बाई विचारते, कसा मेला, काही बोलला का, त्रास झाला का. नवरा कसा होता, हे कोणती बायको झाडूवाल्या मावशींना विचारते? ओळखण्यात तिची चूक झाली नव्हती. तिला ठाऊक होतं की तो परका आहे. आणि तरी त्याच्यासाठी ती पीठ घेऊन एवढ्या लांब आली होती.

आम्ही परतीला लागलो. वाटेतलं वडकी गाव मागे पडल्यावर जमादार म्हणाले, “साहेब, निरोप घेऊन मीच गेलतो तिच्या घरी. मेला म्हणून सांगतलं, तं तिनं मले दोनदा विचारलं, पक्कं ना? मले वाटलं, धक्का बसला.”

आता कायदा सांगत होता की ड्रायव्हरला जिवंत करा आणि बाईवर खोटी माहिती दिल्याची कारवाई करा. पहिलं काम सोपं होतं. गावच्या रेशन दुकानात, सगळ्यांसमोर, त्याचा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्रानं हिरवा दिवा दाखवला. माणूस जिवंत झाला, वर तांदूळही मिळाले. तो छाती काढून घराकडे निघाला.

तेवढ्यात पारावरचे एक म्हातारे उठले. त्यांच्या मते त्यांचं वय एकशे दहा, मी शंभर धरतो. काठी आडवी घालून म्हणाले, “थांब बापू. तुही तेरवी गावानं खाल्ली. मेलेला मानूस तसाच घरात जात नाही. आधी पाळण्यात घालून बारसं करा लागते. मंग लहानाचं मोठं झाल्यासारखं मुंज-फिंज जे असन ते. अन् मंग बायकोसंगं पुन्हा लगन.”

“लागलं होतं ना लगन!” ड्रायव्हर ओरडला.

“मेल्यानं सुटलं ते. आता नवरीले विचारा लागन.”

हा रिवाज खरंच आहे, की आदल्या दिवशी मी त्या म्हाताऱ्यांकडे चहा प्यायला गेलो होतो म्हणून आहे, ते मला विचारू नका. कायद्याच्या पुस्तकात नाही, एवढं मी छातीठोक सांगतो. गाव मात्र आता पहिल्यांदा ड्रायव्हरकडे बघत होतं. सगळे, एकदम, पापणी न लवता. तो ज्याच्याकडे वळे, तो त्याच्या डोळ्यांत बघत राही. मागच्या खेपेला कोणी बघत नव्हतं ते परवडलं, असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असावं. पाठ भिंतीला लागेपर्यंत तो मागे सरकला.

नवरीला विचारलं. ती दारात उभी होती, दोन्ही मुली मागे. म्हणाली, “नाही.”

त्यानं जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं, ढग आहेत का म्हणून. संध्याकाळच्या आत तो हायवेवर गेला आणि मिळेल त्या ट्रकला हात दाखवून दक्षिणेकडे निघून गेला. तांदूळ पारावरच राहिले. कोणी त्याला हात लावला नाही.

मी अहवालात लिहिलं, मृताचा चेहरा सुजलेला, ओळखणारीची मनःस्थिती ठीक नाही, सद्भावनेने चुकीची ओळख झाली. तो अहवाल टिकला. त्या बिननावाच्या माणसाचा फोटो जिल्ह्याजिल्ह्यांत फिरला, पण कोणी विचारत आलं नाही. ओळख पटवताना आम्ही पोलीस समोरच्याला एकच प्रश्न विचारतो, हा तोच का? त्यानंतर नोकरीत जितक्या वेळा चादर उचलली, तितक्या वेळा मी प्रेताऐवजी ओळखायला आलेल्याच्या तोंडाकडे बघत गेलो. तिथं दुःखाबरोबर आणखी काय काय असतं, ते कुठल्या रकान्यात लिहायची सोय नाही.

बदलीचा हुकूम आल्यावर मी त्या गावावरून गेलो. बाई शेतातून येत होती, डोक्यावर कापसाचं बोचकं. जीप थांबवून मी म्हटलं, आता मी तुमचा ठाणेदार नाही, ताई, एकच सांगा. तो तुमचा माणूस नाही, हे कधी कळलं?

“चादरीतून हात बाहेर आलता. तवाच कळलं,” आपल्या वाकड्या मनगटाकडे बघत ती म्हणाली.

मग तोंडावरची चादर कशाला काढायला लावली, मी विचारलं.

“कुकू कोनाच्या नावानं पुसून राह्यली,” ती म्हणाली, “ते तं पाहून घ्यावं म्हटलं.”