बाळ्या गेला!

हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या, कारण मला हे सांगताना अजून हसू येत नाही. एका धडधाकट माणसाला मी दिवसाढवळ्या मारलं. गल्लीनं त्याच्या नावानं टाहो फोडला. आणि त्यात सगळ्यात मोठा गळा कुणाचा होता? माझाच!

सांगतो. चहा घ्या आधी, निवल.

दिवाळी झाली की आमच्या नेकनूरची गल्ली ओस पडते. निम्मी घरं ऊस तोडायला जातात. दारांना कुलपं, ओट्यावर एखादं म्हातारं माणूस, नाहीतर कुत्रं. माझं झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद. बोलायचं तरी कुणाशी? शाळेपासूनचे दोन दोस्त, तेही लांब. समोरच्या घरातला बाळू चाकणला कंपनीत, आणि मुनीर संभाजीनगरला फर्निचरच्या कामावर. मग रविवारी दुपारी आम्ही तिघं मोबाईलवर भेटायचो. एका खेळात.

खेळ कसा? एक पडीक शहर. त्यात मेलेली माणसं उठून अंगावर धावून येतात. आम्ही त्यांना मढी म्हणतो. तिघांनी मिळून मढ्यांना गोळ्या घालायच्या. आपल्यातला कुणी खाली पडला तर दुसऱ्यानं जाऊन त्याला उचलायचं. वेळेत उचललं नाही तर तो मेला. कानात हेडफोन घातला की तिघांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. खरं सांगू का? मढी गेली खड्ड्यात, त्या आवाजासाठीच आम्ही खेळायचो.

त्या रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. आई बीडला लग्नाला गेलती. मी पुढच्या खोलीत एकटाच, दार नुसतं लोटलेलं. खेळ ऐन रंगात आला आणि बाळू खाली पडला.

"दिप्या, पडलो बे! ये लवकर!"

"आलो, आलो!" मी म्हणालो. पण जाणार कसा? माझ्यासमोर उसाच्या ट्रॉलीएवढं एक मढं उभं!

"दिप्या, येतोस का न्हाई?"

नाहीच गेलो. जीव कुणाला नको असतो? मी मुनीरला ओरडून सांगितलं, "मुन्या, बाळ्या गेला! संपला बे बाळ्या! सोड त्याला! त्याच्याजवळचं सगळं काढून घे, बंदूक घे अन् पळ! मढ्याजवळ थांबू नको!"

आता दाराबाहेर कोण उभं असावं? बाळूची आई. सुमनमावशी!

हातात शेंगदाण्याच्या चटणीची वाटी. बाळू रविवारी माझ्याशी तास न् तास बोलतो, आणि आईचा फोन आला की "हां, हां, ठीक हाय, ठेवतो" करून मोकळा होतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती सांगायला आलती, "तुझं ऐकतो तो. एकदा घरी येऊन जा म्हण त्याला." बाळूचा आवाज माझ्या कानात. तिला ऐकू गेलो तो फक्त मी.

वाटी पायरीवर पडली म्हणे. मला काय ऐकू येणार? पुढं आम्हीही मेलो, खेळ संपला. बाळूचा आवाज आधीच बंद झाला होता. रुसला असेल, म्हणलं.

हेडफोन काढला तर समोरून रडण्याचा आवाज! बाहेर आलो. मावशीच्या दारात गल्लीतली उरलीसुरली सगळी माणसं. मला लगेच उलगडा झाला. मावशीची सासू किती दिवसांची अंथरुणाला खिळलेली. म्हणलं, सुटली बिचारी. चेहरा पाडला आणि गेलो. पुढं दगडूकाका बसले होते. गल्लीत कुणाचंही काही असो, लाकडं, गाडी, निरोप सगळं तेच बघतात.

"लई वाईट झालं, काका," मी म्हणालो.

"लई वाईट."

"पण सुटका झाली म्हणायची. किती हाल काढायचे माणसानं? अन् वय बी झालंच हुतं."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं की बस! "कसलं वय झालं बे? लग्नाचं पोरगं ते!"

"कोण पोरगं?"

"कोण म्हणजे? आपला बाळू!"

तेवढ्यात आतल्या खाटेवर सासू दिसली. बसलेली. जिती. दाराकडं टुकुटुकु बघत होती.

आता तुम्ही असता तर काय विचारलं असतं? कुणी सांगितलं, कुठून फोन आला, हेच ना? मी काहीच विचारलं नाही. एवढी माणसं रडतायत, ती काय उगाच? तिथंच बसलो खाली. बाळूला फोन लावला. बंद! मग मात्र माझा बांध फुटला.

"आत्ता रे! आत्ता माझ्याशी बोलत हुता की रे!"

ते ऐकून बायका आणखी रडायला लागल्या. काका जवळ सरकले. "शेवटचं काय म्हणला?"

"‘दिप्या, येतोस का न्हाई’ म्हणला, काका! अन् मी न्हाई गेलो!"

काका तसे घट्ट मनाचे. पण त्यांनीही उपरण्यानं डोळे पुसले.

एवढ्यात मुनीरचा फोन. मी हुंदके देत उचलला.

"मुन्या, बाळ्या गेला रे..."

"मालूम है ना. तुझ्यामुळंच गेला."

"असं नको म्हणू रे!"

"कावून नको म्हणू? किती वरडत हुता तो! उचलला असतास तर वाचला असता. जाऊ दे. त्याची बंदूक मला मिळाली बघ. लई भारी हाय!"

मी डोळे पुसले. "कुठली बंदूक?"

"अबे, आत्ता खेळताना तूच बोलला ना, घे म्हणून?"

फोन ठेवला. काकांच्या कानाशी जाऊन हळूच विचारलं, "काका, बाळूची खबर कुणी आणली?"

"कुणी म्हणजे? तूच की! सुमननं तुझ्याच तोंडून ऐकली."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण सांगणं तर भाग होतं. उभा राहिलो.

"रडू नका! बाळू जिता हाय! तो मोबाईलमदी मेला. त्याला मढ्यांनी खाल्लं!"

मग काका म्हणाले, "पोराच्या डोक्यावर परिणाम झाला रे. पाणी आणा." आणि कुणीतरी आख्खी कळशी माझ्या डोक्यावर ओतली. त्या थंडीत!

सुमनमावशीनं मात्र माझं मनगट धरलं. डोळे कोरडे पडले होते तिचे. "जिता हाय ना? मग लाव फोन. बोलू दे मला."

लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ती मनगट सोडेना. कुणी घरी जाईना. कुडकुडत नुसता फोन लावत होतो. आणि एक सांगतो, हसू नका. थोड्या वेळानं मलाच वाटायला लागलं, खरंच त्याला काही झालं असलं तर? तो जिता आहे याला पुरावा काय? माझा शब्द! आणि माझ्या शब्दाचं काय झालं होतं ते समोरच दिसत होतं. काकांनी पुण्याला जायला गाडीसुद्धा सांगून टाकली.

तेवढ्यात फोन वाजला. बाळू! मी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

"काय बे, कशाला एवढे फोन करतोस? बॅटरी संपली हुती, चार्जिंगला लावून झोपलोतो. तुझ्याशी बोलायचंच न्हाई मला. माणूस मरायला लागला तरी येत न्हाईस तू!"

सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. मावशीनं फोन हातात घेतला. मग कसंबसं म्हणाली, "जेवलास का?"

"आई? तू दिप्याच्या फोनवर कावून? काय झालं?"

"काय न्हाई बाबा. बोल तू. काय बी बोल."

आणि तो बोलला. कंपनीचं, खोलीचं, डब्यातल्या भाजीचं. ती भिंतीला टेकून नुसती "हां, हां" करत होती. फोन माझा, पण मागायची हिंमत कुणाला होती? माणसं एकेक करून उठली. जाताना प्रत्येकानं माझ्याकडं बघून घेतलं. कुणी शिवी तरी द्यावी ना! काका तेवढे थांबले.

"दिप्या," ते म्हणाले, "उद्या कुणी खरंच मेलं, तर सांगाया तू येऊ नको."

पुढच्या शनिवारी बाळू गावी आला. आईजवळ राहिला, तिच्या हातचं जेवला आणि माझ्या दारात येऊन मला पोटभर शिव्या देऊन गेला. ते सोडा.

त्या रविवारीच संध्याकाळी आई लग्नाहून परतली होती. सगळी हकिकत तिला स्टँडवरच कळली होती. लुगडं बदललं आणि मेथी निवडायला बसली. मी ओल्या डोक्यानं समोर. म्हणलं, घरचं माणूस तरी मायेनं बोलेल.

"आई, बाळ्या एकदा मेला तर सगळी गल्ली धावली," मी म्हणालो. "मी तर दर रविवारी मरतो त्या खेळात. ‘मेलो, मेलो, वाचवा’ म्हणून बोंबलतो. तू इथं पलीकडच्या खोलीत असतीस. एकदा तरी आलीस का बघाया?"

आईनं मान वर केली नाही.

"पयल्यांदा वरडलास तवा आलते की पळत," ती म्हणाली. "तूच म्हणलास, दार लाव."