पुडक्यांपायी राहिलेली सुई

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून पेन हातात आलं ते सहीपुरतं. ही मुलीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती. ही वही कोणाला दाखवायची नाही. मग माफी कोणाची मागते, ते मलाच कळत नाही. पण मागितल्याशिवाय पुढे लिहवत नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर आम्ही सात बाया एका वावरात कापूस वेचत होतो. दुपारी बाभळीखाली भाकर खायला बसलो, तर एकीने मोबाईल काढला.

"पाहा वं, याच्यात सांगून राह्यले, ज्यानं करोनाची सुई घेतली त्याचं हृदय बंद पडते म्हणे."

आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, "मंग माहं कधी पडन? मी तर दोन घेतल्या. आता चार वर्ष झाले, वाट पाहून राह्यली."

"हासू नको बुढे. मले तर पस्तावा होते. त्या सुईपासून माहे गुडघे दुखते."

"तुहे गुडघे तर तुह्या लग्नातच दुखत होते. दोघींनी धरून उठवलं होतं तुले, मी पाह्यलं ना."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसताना मला मनातून वाटत होतं, आता माझ्याकडे वळतील. आणि वळल्याच. मोबाईलवाली म्हणाली, "तुह्या सासूनं घेतलती का वं?"

"नाई," मी म्हटलं. "भेत होती."

"अरेरे. बुढे लोक आयकतच नाई ना, बाप्पा."

मी भाकर अर्धी ठेवून उठले आणि ओळीला लागले. त्या दिवशी माझ्या ओटीत कापूस कमी भरला. बोंडातला अर्धा कापूस बोंडातच राहत होता आणि मी पुढे जात होते. मागून येणारी बाई म्हणाली, "काय झालं तुले, झाडं मोजून राह्यली का?"

माझी सासू भीत नव्हती. कुत्रा चावला तेव्हा ती एकटी एसटीने घाटंजीला गेली आणि सांगितल्या तारखांना जाऊन सगळी इंजेक्शनं घेऊन आली. निराधारच्या पैशासाठी तहसीलमधल्या बाबूशी भांडली, आणि कागद हातात पडेपर्यंत त्याच्या टेबलासमोरून हलली नाही. भित्री मी आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही. कोणी वाद घालायला लागलं की ज्या वाक्याने लवकर सुटका होईल, ते वाक्य मी बोलते. खरं असो की नसो.

दुसऱ्या लाटेचा उन्हाळा होता. नवरा गवंड्याच्या हाताखाली जायचा, ते काम बंद पडलं होतं. त्यामुळे मे महिन्यात तेंदूपत्त्याचा फड लागला, तेव्हा घरात जीव आला. तेंदूपत्ता म्हणजे विडीचं पान, आणि फड म्हणजे ठेकेदाराची तो पत्ता घ्यायची जागा. ती पंधरा-सोळा दिवस चालते आणि बंद होते. आम्ही दोघं अंधारातच जंगलात जायचो आणि दहा-अकरा वाजता पानांचं गाठोडं घेऊन यायचो. मग सत्तर पानांचं एक पुडकं, पळसाच्या सालीने बांधायचं. पान त्याच दिवशी बांधून संध्याकाळी फडावर पोचलं पाहिजे. राहिलं तर वळतं, आणि वळलेलं पान फडावर मोजणी करणारा मुन्शी बाजूला फेकतो.

पुडकी बांधायचं काम सासूचं. ती पानं मोजायची नाही. हातात घेतली की तिला जाडीवरून समजायचं. मुन्शीने कधी सोडून मोजलं तर सत्तरच निघायची, फार तर एकोणसत्तर. मी एक बांधेपर्यंत तिची तीन व्हायची. आम्ही कितीही पत्ता आणला तरी पैसे तिच्या हातातून निघत होते, हे मला माहीत होतं.

फडाचा तिसरा दिवस असेल. संध्याकाळी गावची आशा वर्कर आली. आमच्याच वस्तीतली, रोज जयभीम घालणारी. दारातूनच म्हणाली, "माय, उद्या शाळेत सुई हाये. पंचेचाळीसच्या वरच्यायले. डोस कमी हायेत, लवकर यान. मंग पुन्हा कधी येईन, सांगता येत नाई."

"येतो ना," सासू म्हणाली. "पोरीनं यवतमाळात घेतली, तिले काही नाई झालं."

पोरगी म्हणजे माझी नणंद. आशा गेल्यावर सासूने पेटीतून धुतलेलं लुगडं काढलं आणि आधारकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून लुगड्यावर ठेवलं. मी चुलीपुढे होते, नवरा पुडकी घेऊन फडावर गेला होता. मला तेवढंच दिसत होतं, ते लुगडं आणि ती पिशवी. गावात ज्यांनी आधी सुई घेतली होती, त्यांचा हात सुजला होता, ताप आला होता. कोणी दोन दिवस पडलं, कोणी तीन. तीन दिवस पुडकी कोण बांधणार? घरात मी कधी कशाला नाही म्हणाले नव्हते. त्या दिवशी म्हणाले.

"माय, फड झाल्यावर घ्या ना. हात सुजला तर पुडकी कोण बांधन?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "हे बी खरं हाय," म्हणाली, आणि लुगडं घडीवर घडी घालून परत पेटीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जंगलातून आलो, सासू आत बसून बांधायला लागली. तेवढ्यात आशा पुन्हा आली. उन्हाने तिचं तोंड लाल झालं होतं.

"अवं, मायले घेऊन ये ना. मी तिच्यासाठी थांबवून ठेवली हाये."

मी म्हटलं असतं की आमचा पत्ता वाळेल, तर ती माझ्याशी भांडली असती. तिचा हक्कच होता. मी म्हटलं, "त्या नाई म्हणतात."

"काल तर हो म्हणे?"

"आता नाई म्हणतात. भेव लागते म्हणे."

आशाने वहीत काहीतरी लिहिलं आणि गेली. मी आत आले. सासू दारापासून चार हातांवर बसली होती. तिने ऐकलं असणारच. पळसाची साल दातात धरून ओढली आणि गाठ मारली.

त्यानंतर फड अजून बारा दिवस चालला. त्या वर्षी पत्ता चांगला झाला. फड बंद झाल्यावर शाळेत सुई आलीच नाही. आणि चार दिवसांनी सासूला ताप आला. ऊन लागलं म्हणून आम्ही कांद्याचा रस दिला. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती बोलता बोलता मध्येच श्वास घ्यायला थांबायला लागली.

नणंदेच्या नवऱ्याचा यवतमाळात ऑटो आहे. त्याने हिंडून एका दवाखान्यात खाट शोधली. आम्ही गाडी करून पोचलो, तेव्हा दाराशीच तिला ऑक्सिजन लावला. मास्कवाल्या डॉक्टरने वही काढून विचारलं, लस घेतली का. नवरा माझ्याकडे पाहायला लागला. माय भ्याली असं मी त्याला सांगितलं होतं, तेवढंच त्याला माहीत होतं.

"नाई," मी म्हटलं. "त्या नाई म्हटल्या."

नणंद बाजूलाच होती. ती आईच्या तोंडाजवळ वाकली. "काहून वं माय? मी फोनवर किती सांगतलं होतं तुले. काहून नाई घेतली?"

सासूने तोंडावरचा मास्क हाताने थोडा उचलला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "भेव लागलं."

मग तिला आत नेलं. सहाव्या दिवशी ती गेली. जाळायच्या वेळी आम्ही लांब उभे होतो, प्लास्टिकच्या कपड्यांतली माणसं दिसत होती पण तोंड कोणाचं ओळखू येत नव्हतं. पुण्यानुमोदनाला घरची आठच माणसं. नणंद भिंतीला टेकून एकच बोलत होती, "माह्या मायनं हट्ट केला. माय हट्टानं गेली." मी सगळ्यांना पाणी देत होते. एकदा देऊन झालं तरी पुन्हा देत होते.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ती "भेव लागलं" का म्हणाली? मला वाचवायला? की मीच आशाला सांगितलेलं ते वाक्य माझ्याकडे परत फेकलं? की खरंच आदल्या रात्री तिला भीती वाटली होती, आणि माझ्या बोलण्याने तिला निमित्त मिळालं? हे शेवटचं मला फार दिवस बरं वाटायचं. मग कुत्र्याची इंजेक्शनं आठवायची.

हिवाळ्यात घरोघरी येऊन सुई देत होते, तेव्हा मी घेतली. माझा हात दीड दिवस दुखला. दीड दिवस. मी बोटं मोजून पाहिली, दीड दिवसात तिची किती पुडकी झाली असती. ते पैसे किती झाले असते, तेही काढलं. ते इथे लिहीत नाही.

आशाला मी एकदा विहिरीवर गाठलं. विचारायला तीन महिने लागले होते. "तिनं त्या दिवशी घेतली असती, तर वाचली असती का?"

आशाने घागर खाली ठेवली. "किती दिवसांनी ताप आला तिले?"

"सोळा."

"सोळा दिवसांत थोडंफार बळ येते. थोडंफारच. वाचली असती का, हे डॉक्टरही नाई सांगणार तुले." मग म्हणाली, "तू कायले जीव खाते? माह्या रजिस्टरात तिचा नकार लिहेल हाये. तू काय करणार होती?"

ती एकदा तरी "हो" म्हणाली असती तर मी रडून मोकळी झाले असते. "नाही" म्हणाली असती तर झोपले असते. मी तिची घागर डोक्यावर द्यायला हात लावला आणि घरी आले.

दवाखान्याच्या अनामतीसाठी नणंदेने सोन्याची पोत गहाण ठेवून चाळीस हजार भरले होते. नवरा म्हणाला, माय दोघांची होती, अर्धे आपले. नणंदेने मागितले नव्हते. आम्ही कापसाच्या दिवसांत, तेंदूच्या दिवसांत, जसे जमले तसे दोन-तीन हजार नेऊन देत होतो. दर वेळी मी ठरवून जायची की या वेळी सांगायचं. एसटीत बसून वाक्य जुळवायची. तिच्या घरी पोचलं की चहा व्हायचा, पोरांच्या परीक्षा निघायच्या, परतीची गाडी व्हायची. मला उलट बरं वाटायचं की अजून पैसे बाकी आहेत, म्हणजे अजून एकदा यायचं आहे.

बाभळीखालच्या त्या दुपारनंतर महिन्याने पंचवीसशे जमले. तेवढेच राहिले होते. नवरा कामावर होता, मी एकटीच गेले. नणंदेकडे शेजारीण बसली होती. नणंद तिला म्हणाली, "हे माही वयनी. लय गरीब सोभावाची. माह्या मायले सुई घे म्हणून इनं किती हात जोडले असन, पण बुढीनं आयकलं नाई."

शेजारीण मला म्हणाली, "आपण सांगाचं काम करावं बाई."

ती गेली. मी उभीच होते. नणंद म्हणाली, "बस ना. उभी काहून?"

"बाई, माय नाई म्हटली नव्हती."

"म्हंजे?"

"मी नाई म्हटलं. पुडकी बांधाची होती. माय तर लुगडं काढून तयार होती. आशाताई बलावाले आली, तिले मीच सांगतलं, भेव लागते म्हणून."

तिने टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालूच होतं.

"मंग दवाखान्यात तिनं मले काहून तसं सांगतलं?"

"मले नाई माहीत, बाई. मी बाजूलेच होती."

"चार वर्ष झाले, वयनी." तिचा आवाज मोठा नव्हता. "चार वर्ष मी तिले हट्टी म्हणून राह्यली. पोरायले सांगतलं, तुमची आजी अडाणी होती. तिच्या फोटोले हार घालताना बी बोलली मी तिले. तू इथंच बसून आयकत होती."

"हो."

"हो काय? तोंड नव्हतं तुले?"

यावर माझ्याजवळ लवकर सुटका करणारं वाक्य नव्हतं. ती उठून आत गेली. नळाचा आवाज फार वेळ येत राहिला. पैसे गादीवर ठेवून निघून जावं असं मला वाटलं. पिशवीही उचलली, मग परत खाली ठेवली.

ती आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पदर ओला होता. माझ्यासमोर बसली आणि हात पुढे केला. "आन."

मी नोटा दिल्या. तिने अंगठा ओला करून मोजल्या. मग खाली ठेवून पुन्हा मोजल्या. मग तिसऱ्यांदा मोजल्या.

"पंचवीसशे," ती म्हणाली. "वीस हजार झाले."

"हो, बाई."

"पैसे फिटले तुमचे."