गेरूचे आकडे

दगड घडवायला बसलं की कपच्या पडतात. दिवसभर छिन्नी चालते, नजर दगडावर असते, आणि संध्याकाळी उठून बघावं तर पायाशी हा ढीग! आमच्या मॉलमधल्या मंडळींचे किस्सेही असेच जमले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. मी तर त्यांच्यात सगळ्यात कमी बोलणारा. पण कमी बोलणाऱ्याच्या पायाशीच ढीग मोठा होतो.

आधी मंडळी सांगतो. मिशिगनमध्ये नोव्हाय म्हणून गाव आहे. आमचा मुलगा प्रकाश तिथे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. मी रामभाऊ, जन्मभर गवंडीकाम केलं, शिक्षण चौथी. मी आणि माझी बायको इंदू त्याच्याकडे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात कळलं की बाहेर चालायचं म्हणजे बर्फावर पडायचं. मग प्रकाश आम्हाला सकाळी मॉलमध्ये सोडायला लागला. दुकानं उघडायच्या आधी म्हातारी माणसं तिथे आतल्या आत फेऱ्या मारतात.

तिथे सर भेटले. मुंबईच्या शाळेतले रिटायर्ड हेडमास्तर, लेकीकडे आलेले. बरोबर त्यांच्या मालतीबाई. आणि नागपूरचे नाना, बँकेतून रिटायर झालेले, एकटे, डॉक्टरनं गोड बंद केलेले. एवढीच आमची गँग.

* * *

सर मॉलमध्येही शाळाच भरवायचे. डाव्या खिशात दहा चिंचोके. एक फेरी झाली की एक चिंचोका उजव्या खिशात. दहाही पलीकडे गेल्याशिवाय कुणी बसायचं नाही!

नाना मात्र तिसऱ्या फेरीलाच प्रेट्झेल नावाच्या गोड पावाच्या दुकानापाशी रेंगाळायचे. दुकान बंद, पण आत भट्टी लागलेली. "नुसता वास घेतो ना सर! वासात कुठं शुगर असते?"

एका सकाळी दहा झाल्या, बारा झाल्या, सर थांबेचनात. मालतीबाई म्हणाल्या, "अहो, माझे पाय गेले." सर म्हणाले, "शिस्त म्हणजे शिस्त. अजून चिंचोके आहेत." सोळाव्या फेरीला मालतीबाईंनी त्यांना भर मॉलमध्ये खिसे उलटे करायला लावले. डाव्या खिशात अजून नऊ निघाले!

नानांनी मागून मूठभर चिंचोके आत सोडले होते, आणि स्वतः केव्हाचे बाकावर बसून वास घेत होते.

सर गरजले, "नाना, वर्गाबाहेर व्हा!"

नाना लगेच उठले. "कधीची वाट पाहून राहिलो होतो, सर!"

* * *

सरांची एक हकीकत आम्हाला पाठ होती. दर हिवाळ्यात दोन-तीनदा यायचीच.

सरांचं गाव आंबेघोळ. धरणात गेलं. पाणी चढायच्या आधी गावानं ठरवलं की भैरोबाचं दगडी देऊळ एकेक दगड सुटा करून वर नव्या वसाहतीत पुन्हा उभं करायचं. बाहेरून गवंड्यांची टोळी आणली. दगड सोडवले, प्रत्येकावर आकडा घातला. पण घालणाऱ्यानं तो घातला गेरूनं! ट्रकला उशीर झाला, वळवाची एक सर आली, आणि एकशे सव्वीस दगड कोरे. कुठला कुठे बसायचा, कुणाला सांगता येईना. शेवटी वर सिमेंटचं देऊळ झालं, दगड बाजूला ढिगात पडले.

"मी तेव्हा मुंबईत नोकरीला," सर सांगायचे. "पण वडील गावातच. मरेपर्यंत रोज तिन्हीसांजेला त्या ढिगासमोर दिवा लावायचे, रामभाऊ. ढिगासमोर! आणि तो आकडे घालणारा गाढव तोंड लपवून पळाला."

नाना चुकचुकायचे. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो.

तो गाढव मी होतो.

बावीस वर्षांचा होतो. टोळीत आकडे लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून काम माझ्याकडे आलं. मुकादम म्हणाले होते, छिन्नीनं कोर. मला ते नको वाटलं. देवाच्या दगडाला उगाच जखम कशाला? चार दिवसांत ट्रक येणार, गेरू पुरे झाला. पाऊस उघडल्यावर मी त्या ढिगापुढे उभा राहिलो, आणि भीतीनं मला एकही दगड ओळखू येईना. गावातली म्हातारी माणसं माझ्याकडे बघत होती. मी पुण्याची एसटी धरली.

इंदूला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "सांगून टाका की एकदा. पाच वर्षं झाली, नाडी तरी किती वेळा बांधाल?"

पण सरांसारखा माणूस मला 'रामभाऊ, तुम्ही' म्हणायचा. चौथी पास माणसाला. ते जाईल याची भीती वाटायची.

* * *

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. सरांचं नोव्हेंबरात कायमचं मुंबईला परत जायचं ठरलं. आणि प्रकाशला कंपनीनं काही महिने स्पेनला पाठवलं. त्याचा फोन आला, "बाबा, इथे एक यात्रेचा रस्ता आहे. लोक महिना-महिना चालत येतात. तुमची मॉल-गँग घेऊन या, सरांचा सेंड-ऑफ इथेच करू. चालायचं नाही, मी ड्राइव्ह करतो."

व्हिसासाठी शिकागोला गेलो. काम झाल्यावर बायकांना डेव्हन ॲव्हेन्यूवर, तिथल्या देशी बाजारात, प्रवासाचा चिवडा घ्यायचा होता. चिवडा घेतला, आणि बघतो तर नाना नाहीत! शेवटी मिठाईच्या दुकानात सापडले. हातात पाकातली जिलबी.

"नाना!" सर ओरडले.

"यात्रेला निघालो ना सर. देवासाठी नैवेद्य पाहत होतो."

"नैवेद्य आधी चाखत नाहीत, एवढं कळत नाही?"

"म्हणून तर अख्खी खाल्ली," नाना म्हणाले. "आता ती नैवेद्याची राहिलीच नाही!"

* * *

प्रकाशनं आम्हाला नेलं ते गाव पोर्तोमारिन. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसिया नावाच्या भागात. खाली मोठा जलाशय, त्यावर लांब पूल, आणि पूल संपला की गावात चढणारा उंच दगडी जिना. पाठीवर ओझी आणि पायांना पट्ट्या असलेली पोरं त्या जिन्यावर टेकत टेकत चढत होती. प्रत्येकाच्या पिशवीला एक शिंपला. ती त्या यात्रेची खूण.

नाना अर्ध्यात बसले. शेजारी एक अमेरिकन पोरगी बसली होती, लालबुंद झालेली. तिनं विचारलं, "व्हेअर डिड यू स्टार्ट?"

नाना म्हणाले, "नोव्हाय, मिशिगन."

पोरीचे डोळे मोठे झाले. "यू वॉक्ड?"

"एव्हरी मॉर्निंग," नाना घाम पुसत म्हणाले, "फाइव्ह इयर्स!"

पोरीनं आपल्या पिशवीचा शिंपला सोडला आणि नानांच्या गळ्यात घातला. नानांनी तो अजून काढलेला नाही.

* * *

त्या रस्त्यावर यात्रेकरूंकडे एक पुस्तिका असते. देवळात, चहाच्या दुकानात, जिथे थांबतील तिथे त्यावर शिक्का मारून घेतात. इंदूला शिक्का पाहिजे! पुस्तिका तर नव्हती. तिनं पर्समधून फोन नंबरांची जुनी वही काढली आणि कॉफीच्या दुकानातल्या बाईंसमोर उघडी धरली. बाई हसल्या. आमच्या प्रकाशच्या नंबरावर त्यांनी ठप्पकन निळा शिक्का उमटवला.

इंदूनं मग करंडा काढला आणि काउंटरवरून वाकून त्यांना कुंकू लावलं. बाईंनी ते पातेल्याच्या झाकणात बघितलं आणि इंदूचा हात किती तरी वेळ सोडलाच नाही. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हे काय केलंस?"

"काय म्हणजे? तिनं मला मारला, मी तिला मारला!"

* * *

जेवायला तिथे छोट्या हिरव्या मिरच्या तळून, वर मीठ घालून देतात. प्रकाश म्हणाला, "नाना, सांभाळून. बहुतेक गोड असतात, पण मधेच एखादी तिखट निघते."

"मिरची? मला?" नाना म्हणाले. "अरे, मी नागपूरचा माणूस! सावजीचा रस्सा पिऊन मोठा झालो."

एक, दोन, दहा, पंधरा. नाना खात होते आणि स्पेन देशाची कीव करत होते. सोळाव्या मिरचीला हात मधेच थांबला. डोळ्यांतून धार लागली.

मालतीबाईंनी पाणी पुढे केलं. "तिखट लागली का हो?"

"नाही वहिनी," नाना कसेबसे म्हणाले, "घरची आठवण आली."

* * *

जेवून चौकात आलो. मध्ये किल्ल्यासारखं उंच चर्च. सर फलक वाचून आम्हाला मराठीत सांगायला लागले, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज उतरला.

जुनं पोर्तोमारिन खाली नदीकाठी होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी धरण झालं, गाव पाण्यात गेलं. त्याआधी लोकांनी हे चर्च दगड दगड सोडवून वर आणलं आणि जसंच्या तसं पुन्हा बांधलं.

सर भिंतीजवळ गेले. दगडांवर आकडे होते. फिकट, पण वाचता येत होते. सरांनी एका आकड्यावर बोट ठेवलं आणि ते ठेवूनच उभे राहिले. मालतीबाई, इंदू आणि नाना आतली खिडकी बघायला गेले. प्रकाश गाडी आणायला गेला.

"बघा रामभाऊ," सर म्हणाले, "हे असं असतं काम. साधा आकडा. एवढंच तर करायचं होतं त्या गाढवाला."

मी खाली वाकलो. बघतो तर पायांत सँडल. नाडी नव्हतीच.

मी सरळ उभा राहिलो. म्हणालो, "सर, तो गाढव मी."

सरांनी वळून बघितलं.

"गेरू मीच लावला होता. कोरायला सांगितलं होतं, मी कोरलं नाही. देवाच्या दगडाला दुखेल असं वाटलं. चूक माझी. तुमच्या वडिलांना मी बघितलंय, सर. पांढरा पटका, हातात कंदील. दगड उतरवताना ते आम्हाला ताक द्यायचे."

 सर चौकातल्या बाकावर जाऊन बसले. चष्मा काढला, पुसला, परत पुसला. मी समोर उभाच होतो, वर्गात उभं केल्यासारखा.

मग खालीच बघत त्यांनी विचारलं, "पहिली पायरी?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं, देवळाच्या दगडांचे आकडे विचारत होते.

"एक, दोन, तीन," मी म्हणालो. "दोन नंबरचा डाव्या कोपऱ्यात फुटका."

"फुटका," सर म्हणाले. "त्याच्यावर माझा गुडघा फुटला होता. मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी एकही आठवला नाही, सर. नंतर आठवत गेले. दुसऱ्यांची घरं बांधताना, एकेक करून. सगळे यायला नऊ वर्षं लागली. तोवर गावात यायचं तोंड उरलं नव्हतं."

सरांनी खिशातून पोर्तोमारिनचा नकाशा काढला, उलटा केला आणि पेनाचं टोपण उघडलं. बाकावर बाजूला सरकले.

"बसा. उंबरा?"

"सात."

"कासव?"

"अकरा. त्याच्या उजवीकडे बारा, तो इतरांपेक्षा काळा."

"काळा, हो. पुढे."

मी सांगत गेलो, सर मांडत गेले. चौकटी, खांब, गाभाऱ्याची भिंत. एका ठिकाणी मी अडलो तर सरच म्हणाले, "तिथे कोनाडा होता, रामभाऊ. वडिलांची काडेपेटी असायची त्यात." मग मला चौऱ्याऐंशी आठवला.

चर्चमधून मंडळी बाहेर आली. चौकाच्या टोकाला प्रकाश हॉर्न वाजवत होता. मालतीबाई जवळ येऊन म्हणाल्या, "अहो, उठा की आता. गाडी केव्हाची उभी आहे."

सरांनी मान वर न करता हात केला.

"थांब गं जरा. कळस चढवायचा राहिलाय."