हिरोच्या एंट्रीला उधळायचे कागद

मंडळी, आज या वयात एक बावळटपणा केलाय.

बँकेत लागलो तेव्हा तमिळ मुलखात, तिरुवल्लिकेणीत, सडाफटिंग नोकरदारांच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या लॉजमध्ये राहायचो. खोलीत सोबतीला मूर्ती नावाचा तमिळ पोरगा. त्याच्या लाडक्या हिरोचा सिनेमा लागला की एंट्रीला उधळायला तो कागदाचे कपटे करून पिशवी भरायचा. एकदा बाबांनी साताऱ्याहून पोस्टाने पाठवलेले मराठी पेपरच फाडले पठ्ठ्याने! मी वाचलेसुद्धा नव्हते. आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

ज्या सिनेमासाठी ते पेपर फाडले, तोच आज सकाळी पुन्हा लागला. सत्तरीचा मूर्ती पिशवी घेऊन हजर! दारातल्या गार्डने ती काढून घेतली. "सार, आता हे चालत नाही."

हिरो पडद्यावर आला. पोरांनी मोबाईल वर केले. मूर्ती मात्र रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेला. मला राहवेना. खिशात हाताला लागला तो कागद टराटरा फाडला आणि कपटे त्याच्या मुठीत कोंबले.

"घे रे, उधळ!" मी मराठीतच ओरडलो. त्याला बरोबर कळलं.

तो कागद म्हणजे डॉक्टरांनी कालच दिलेली औषधांची चिठ्ठी होती. बायको तासाभरापासून ती शोधतेय. काय सांगू तिला?