बाळा शिगवण मोरसला गेला होता

घाटकोपरच्या शाळेत शेवंतीच्या माहेरच्या गावच्या मंडळाची सभा होती. मंडळाला पन्नास वर्षं होत होती म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं होतं. शेवंती विक्रोळीला डब्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, शिक्षण चौथीपर्यंत. तरी तिनं आपल्या वडलांवर, लढाईवर गेलेल्या बाळा शिगवणांवर, वहीची तीन पानं लिहून आणली होती.

सेक्रेटरी नाना शिगवण तिचा चुलतभाऊ, बासष्टीचा. दोन पानं त्यानं मान डोलावत वाचली. तिसऱ्यावर थांबला.

"पलटणीतलं छापतो, शेवंते. मोरसचं काढ."

"का?"

"थापा छापत नाहीत."

मागे कोणीतरी हसलं. ते हसणं शेवंती बारा वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती.

शेवंतीच्या खापरपणज्याचा भाऊ राघू उसाच्या मळ्यात राबायला गिरमिटाच्या करारावर मोरसला, म्हणजे मॉरिशसला गेला, तो परतला नाही. घरात त्याचं एवढंच नाव उरलं होतं. बाळा शिगवण सेहेचाळीस साली लढाईवरून आले आणि सांगू लागले की आफ्रिकेहून परतताना आमची बोट मोरसच्या बंदराला लागली, मी राघूआज्याचं घर शोधून काढलं, त्यांच्यात एक रात्र राहिलो, तिकडची पोरं आपल्यासारखीच जाखडी नाचतात. गाव खो खो हसलं. समुद्रापलीकडच्या बेटावर जाखडी कोण नाचणार? तेव्हापासून कोणी काही वाढवून सांगितलं की लोक म्हणत, "चालला हा मोरसला." वडील चौऱ्याहत्तर साली गेले. शेवटची काही वर्षं तर ते कशाबद्दलच फारसं बोलत नव्हते.

शेवंतीनं तिन्ही पानं परत घेतली. "छापायचं तर सगळं छाप. नाहीतर पुरावा घेऊन येते."

"ये," नाना म्हणाला.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं खाडा केला आणि वडलांचं पलटणीतून सुटल्याचं पुस्तक घेऊन माजी सैनिकांच्या कचेरीत गेली. तिथला कारकून पुस्तक चाळून म्हणाला, "बाई, ही कंपनी मोरसला कधी गेल्याची नोंद नाही."

"मग या कंपनीतलं कोण जिवंत आहे ते सांगा."

"असं सांगता येत नाही."

शेवंती समोरच्या बाकावर बसली. जेवणाची सुट्टी झाली, संपली, ती उठली नाही. चारच्या सुमारास कारकुनानं पेन्शनवाल्यांची यादी काढली आणि मुलुंडचा एक पत्ता तिला उतरून दिला.

मुलुंडचे अंबादास नाईक ऐंशीला टेकले होते, कानांनी मंद. तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग त्यांचा चेहरा खुलला.

"बाळाची पोर तू? अगं, बोट तिथं जायचीच नव्हती. इंजिन बिघडलं म्हणून सहा दिवस त्या बंदरात पडून होतो. नोंद कोण ठेवतंय! तुझा बाप एक रात्र गायब. आठ दिवस शिक्षा भोगली त्यानं, पण कुठं गेला होता ते साहेबाला सांगितलं नाही. आम्हाला वाटलं, प्यायला गेला असेल."

म्हणजे बोट खरी होती. घर शोधायचं राहिलं होतं.

शेजारची नीला सरकारी ग्रंथालयात कामाला होती. तिनं मॉरिशसच्या एका मराठी मंडळाचा पत्ता शोधून दिला. पत्र शेवंतीनं स्वतःच्या हातानं लिहिलं. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, की इथे शिगवण नावाचं एकही घर नाही. नीलाला वाईट वाटलं. "मावशी, आता सोडा."

"पुढचं वाच ना," शेवंती म्हणाली.

पुढे लिहिलं होतं, की गावाकडची आडनावं इथे राहिलीच नाहीत. बोटीवरून उतरताना माणसानं जे नाव सांगितलं तेच त्याच्या वंशाचं आडनाव झालं. तुमच्या माणसाचं नाव काय?

शेवंतीनं त्याच दिवशी कार्डावर लिहून टाकलं : राघू.

मधल्या काळात स्मरणिका निघाली. बाळा शिगवणांवर त्यात चार ओळी होत्या, मोरसचा उल्लेख नव्हता. शेवंतीनं ती वाचून कपाटात ठेवली आणि मॉरिशसच्या मंडळाला पुन्हा एक पत्र टाकलं, मग आणखी एक. शहाऐंशीच्या गणपतीआधी जाड पाकीट आलं. पाठवणारीचं नाव होतं मीरा रागू. तिकडे राघूचं रागू झालं होतं.

पुढच्या सभेत शेवंती न विचारता उठली आणि पत्र वाचू लागली.

"'मी तेव्हा तेरा वर्षांची होते. शिपाईकाका संध्याकाळी आले. आजोबांनी त्यांना बापाचं नाव, आज्याचं नाव विचारलं आणि गळ्यात पडून रडले. आम्ही त्यांना आमची झाकरी, म्हणजे तुमची जाखडी, नाचून दाखवली. आमचा पाय चुकत होता, तो त्यांनी नीट करून दिला. आम्ही अजून तसाच टाकतो.'"

कोणी हसलं नाही. शेवंती पुढच्या ओळींवर आली. त्या तिनं घरी चार वेळा वाचल्या होत्या, आणि तेव्हाही तिला वडलांचा राग आला होता.

"'आम्हाला आमचं गाव माहीत नव्हतं, देव माहीत नव्हता. काकांनी तोंडी सांगितलं, पण ते आम्हाला नीट धरता आलं नाही. काका म्हणाले, घरी गेलो की लिहून पाठवतो. आजोबांनी वाट पाहिली. पत्र आलं नाही.'"

तिनं कागद खाली घेतला. "बाबांना लिहिता येत नव्हतं, नाना. तेव्हा गावात पत्रं तुझे वडीलच लिहायचे. बाबा त्यांच्याकडे आले होते का?"

नानानं मान खाली घालून टेबलावरची हजेरीची वही मिटली.

"आले होते," तो म्हणाला. "मी तिथंच होतो. आबा म्हणाले, मोरसला पत्र? आणि सगळे हसलो. पुन्हा एकदा आले. मग नाही आले."

शेवंतीनं पत्राची घडी घातली. वर्षभर तिला या माणसाला खाली मान घालताना बघायचं होतं. आता ती खाली गेलेली मान समोर होती, आणि तिचं काम अजून उरलंच होतं.

"तुझ्याकडे शिगवणांची वंशावळ आहे ना?"

"आहे."

"आण. राघूआज्याच्या पुढे जागा मोकळी सोडलीय तुम्ही. मीराबाईंनी चार पिढ्यांची नावं पाठवलीत."

नाना पुढच्या रविवारी वंशावळ घेऊन विक्रोळीला आला. चहा घेऊन दोघं जमिनीवर बसली. नावं त्यानं भरली, अक्षर त्याचं चांगलं होतं. पत्र शेवंतीनं लिहिलं. गाव, तालुका, वाडी. ग्रामदेवता जाखमाता, तिचं देऊळ ओढ्याच्या अलीकडे, तोंड पूर्वेला. गणपतीत जाखडी कुठल्या अंगणापासून सुरू होते तेही लिहिलं. शेवटी तिनं लिहिलं, की तुमच्या शिपाईकाकांनी पत्र लिहून घ्यायचा प्रयत्न केला होता, ते विसरले नव्हते.

"हसणाऱ्यांत आमचं नाव घातलंस?" नानानं विचारलं.

"नाही," शेवंती म्हणाली. "पाकिटावर पत्ता लिही."