मामांचं पोटशास्त्र

लिहिणं हे माझं काम नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर प्रॅक्टिकलच्या वहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि त्या वहीतही सरांचं लाल पेन बरंच फिरलेलं आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचं ते माझ्या आईचे थोरले भाऊ; वडीलधाऱ्या माणसाबद्दल असं चारचौघांत बोलावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चुकलं तर माफ करा. पण पोटाचं इतकं वेड असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि या एका माणसाने मला जेवढं हैराण केलं तेवढं बीएस्सीच्या तिन्ही वर्षांनी मिळून केलेलं नाही.

मामा कुरुंद्याला राहतात. हळद करतात, पण त्यांचं चित्त कायम लोकांच्या पोटात असतं. भेटलेल्या माणसाला राम राम घालण्याआधी ते पोट साफ झालं का ते विचारतात. वसमतच्या बसस्टँडवर मी एकदा त्यांची आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांशी ओळख करून दिली, तर त्यांनी सरांना जीभ बाहेर काढायला लावली. सर इतके भले, की त्यांनी काढलीही. मामांच्या शेजारी जेवायला बसणं ही तर शिक्षाच. घास बत्तीस वेळा चावायचा हा त्यांचा नियम, आणि मोजतात ते दुसऱ्याचे घास. माझ्या बहिणीला बघायला शिरड शहापूरचे पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांना त्यांनी अकराव्या चावण्याला गिळताना पकडलं आणि भर पंगतीत म्हणाले, "पावनं, आतड्याला दात नसत्यात." ती सोयरीक तरीही जमली, हे आमचं नशीब.

पण त्यांची खरी विद्या बेंबी बसवण्याची. आमच्याकडे पोट दुखलं, जुलाब लागले, भूक मेली, की बेंबी सरकली म्हणतात. मग चहासुद्धा न पिता, उपाशीपोटी, सकाळीच मामांच्या ओसरीवर यायचं. मामा चटईवर उताणं निजवतात, बेंबीत अंगठा रोवून ठोका कुठे लागतो ते बघतात, तेल लावून पोट चोळतात. मग बेंबीवर कणकेचा पेटता दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालतात. दिवा विझतो, तांब्या पोटाला घट्ट चिकटतो, आणि थोड्या वेळाने 'फट्' असा आवाज होऊन सुटतो. शेवटी गुळाचा खडा. माणूस हसत घरी जातो. हसत जातो हे खरं आहे, आणि माझी अडचण तिथेच होती.

पहिल्या वर्षी मी पचनसंस्थेची मोठी आकृती काढून त्यांना दाखवायला नेली. अन्ननलिका, जठर, यकृत, लहान आतडं, मोठं आतडं, सगळं रंगवलेलं. मामांनी ती उभी धरली, आडवी धरली, आणि शांतपणे विचारलं, "ह्या माणसाला बेंबी काहून न्हाई?" मी सांगितलं, की बेंबीचा पचनाशी संबंध नसतो; जन्माआधी नाळ जिथे जोडलेली होती, त्या जागेची ती खूण. मामा मामीला म्हणाले, की पोरगं हुशार आहे, पण कॉलेजात त्याला अर्धाच माणूस शिकवून राहिलेत. लहान आतडं वीस फुटांच्या आसपास असतं, हे मात्र त्यांना फार आवडलं. पुढे महिनाभर ते प्रत्येकाला ऐकवत होते, जणू काही त्यांनीच मोजलं होतं.

मला भीती होती ती एकाच गोष्टीची. अपेंडिक्सचं दुखणंही पुष्कळदा बेंबीपासूनच सुरू होतं आणि मग उजवीकडे खाली उतरतं. ते पोट कुणी चोळलं तर अपेंडिक्स आतल्या आत फुटू शकतं. मी मामांना हे किती वेळा सांगितलं असेल. उजवीकडे दुखत असेल, ताप असेल, उलटी असेल, तर हात लावू नका, आधी दवाखाना. ते म्हणायचे, "व्हय व्हय," आणि तेलाची वाटी जवळ ओढायचे. गेल्या दिवाळीत माझा तोल सुटला. बाहेर दोघं जण वाट बघत बसले होते, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "मामा, तुमच्या हाताखाली एखांदं मरंल, मग समजंल तुमाला." मला सोडायला मामा नेहमी फाट्यापर्यंत येतात, त्या दिवशी आले नाहीत. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

पुढचं सगळं मला परवा कळलं. माझी परीक्षा होती म्हणून आईने महिनाभर सांगितलं नव्हतं. तांड्यावरची एक सून पोट धरून आली होती, सोबत सासू. मामांनी तिला निजवलं, दिवा पेटवला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चोळण्याआधी दोन बोटं उजवीकडे टेकवली. तिने मामांचं मनगट गच्च धरलं. मामांनी दिवा फुंकला, जीप बोलावली आणि स्वतः वसमतला घेऊन गेले. ऑपरेशन झालं, बाई वाचली. चोळलं असतं तर वाचली नसती, असं डॉक्टर मामांसमोरच म्हणाले.

मी फोनवर जवळजवळ ओरडलोच, की बघ, मी सांगत होतो ना. आई म्हणाली, "दादा आता कुनाच्याच पोटाला हात लावत न्हाई. लोक येत्यात, ह्यो दवाखान्यात जा म्हनतो. मला इचारत व्हता, आदी कुनाचं असं झालं आसल का गं, आपल्याला न सांगता?"

तू काय म्हणालीस, असं मी विचारलं.

"न्हाई म्हनलं. पन त्यो दारी येनाऱ्या दर मानसाला इचारून राहिलाय, तुमच्या घरचे समदे बरे हायेत ना."